काठ, बाक आणि बँक

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले की शीतला घाट मागे पडतो आणि लगेच पुढच्या भिंतीवरील देवनागरी अक्षरे मराठी यात्रेकरूचे पाऊल थांबवतात : अहिल्याबाई घाट. वर उंच वाडा, खाली थेट गंगेच्या पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांशी बांधलेल्या होड्या आणि स्नानासाठी आलेल्यांची लगबग. पूर्वी केवलगिरी घाट म्हणून ओळखला जाणारा हा घाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदूरच्या होळकर राज्याच्या अधिपती पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी बांधविला आणि पुढे त्यांचेच नाव त्याला लाभले.

या घाटाविषयी इंग्रजी प्रवासपुस्तकांत वाचू गेल्यास तो गंगेच्या ‘वेस्ट बँक’वर असल्याची माहिती मिळते. आजोबांच्या पासबुकावरून ‘बँक’ हा शब्द शिकलेल्या एखाद्या शाळकरी मुलाने ती वाचली, तर त्याच्या मनात सहज प्रश्न उभा राहील : नदीची बँक म्हणजे काय? तिथे कोणाचे खाते असते? पुढे केव्हातरी शिक्षक सांगतात, की नदीचा काठ आणि पैशांची बँक हे दोन वेगळे शब्द असून त्यांचे स्पेलिंग योगायोगाने सारखे झाले आहे. मुलाचे समाधान होते आणि प्रश्न मिटतो.

वस्तुतः तो इतक्या सहज मिटू नये. शब्दांच्या वंशावळीत थोडे मागे गेले, तर हे दोन शब्द परके नसून एकाच कुळातले निघतात. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की त्याच कुळातला तिसरा भाऊ इंग्रजी बँक येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरात राहत आला आहे.

काठाची बँक

काठ या अर्थाचा ‘बँक’ शब्द इंग्रजीत बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास रुळला. उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो आला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ मातीचा उंचवटा, बांध किंवा उतार असा होता. वाहत्या पाण्याच्या कडेला जमीन उंच होते आणि पाण्याला मर्यादा घालते, ती बँक. समुद्राखाली साचलेल्या वाळूच्या उंचवट्यालाही इंग्रज खलाशी बँकच म्हणत. उत्तर समुद्रातील मासेमारीसाठी प्रसिद्ध असलेली ‘डॉगर बँक’ हे त्याचे उदाहरण. चुलीतील निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून त्यांवर राखेचा ढीग रचणे, यालाही इंग्रजीत हेच क्रियापद लागते. वळण घेताना विमान एका अंगाला कलते, त्या क्रियेलाही तोच शब्द आहे, कारण तेथेही उताराची कल्पना आहे.

या मूळ अर्थाची साक्ष वाराणसीइतकी उत्तम क्वचितच कोठे मिळेल. गंगा येथे नेहमीची दिशा सोडून उत्तरेकडे वळते. तिच्या पश्चिमेच्या बाजूला कंकराची, म्हणजे चुनखडीच्या गाठी मिसळलेल्या कठीण मातीची उंच कड आहे. प्रवाहाच्या माऱ्याला ही कड सहजासहजी दाद देत नाही. म्हणूनच या अर्धचंद्राकृती काठावर चौऱ्याऐंशी घाटांची रांग उभी राहू शकली. समोरचा पूर्वेचा तीर मात्र सखल आणि वाळूचा असून पावसाळ्यात दूरवर पाण्याखाली जातो. एक तीर धरून ठेवणारा, दुसरा सोडून देणारा. गावाने वस्तीसाठी धरून ठेवणारा तीर निवडला, यात नवल नाही.

नदीच्या काठांना डावा आणि उजवा म्हणण्याची एक पद्धत आहे. प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून उभे राहायचे. डाव्या हाताला येईल तो डावा काठ. वाराणसीत गंगा उत्तरेला जात असल्याने पश्चिमेचा अहिल्याबाई घाट डाव्या काठावर ठरतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. नीरा डावा कालवा, मुठा उजवा कालवा ही नावे याच पद्धतीने पडली आहेत.

मराठीत या बँकेसाठी शब्दांची उणीव नाही. काठ, तीर, तट, किनारा हे शब्द तर आहेतच; शिवाय ‘थडी’ आहे. भीमेच्या काठचा प्रदेश तो भीमथडी आणि ज्या गोदावरीला मराठी माणूस प्रेमाने गंगा म्हणतो, तिच्या काठची ती गंगथडी. लुगड्याला काठ असतो, ताटाला काठ असतो. जे आत आहे ते सांभाळणारी कड, असाच या सर्वांचा भाव आहे. ‘घाट’ या शब्दाची कथाही अशीच. नदीत उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजे घाट आणि डोंगरातून उतरणारी वाटही घाटच. मराठी माणूस बोरघाटातून कोकणात उतरतो आणि काशीला जाऊन अहिल्याबाई घाटावरून गंगेत उतरतो. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि वाटेचे नाव अख्ख्या डोंगररांगेला दिले. त्यातून ‘वेस्टर्न घाट्स’ झाले.

बाकाची बँक

उंचवटा या अर्थाच्या त्याच प्राचीन जर्मानिक मुळापासून दुसरी एक शाखा फुटली. जमिनीपासून थोडी उंच केलेली बसण्याची जागा, लांबट फळी, असा तिचा अर्थ. इंग्रजीतील ‘बेंच’ हा शब्द याच शाखेतला. जर्मानिक टोळ्यांबरोबर तो दक्षिणेला इटलीत उतरला आणि तेथे ‘बांका’ किंवा ‘बांको’ झाला. अर्थ बाक, फळी, व्यवहाराचे मेज.

मध्ययुगीन इटलीच्या व्यापारी शहरांत नाना राज्यांची नाणी चालत. कोणत्या नाण्यात किती चांदी, कोणते झिजलेले, कोणते खोटे, हे पारखून बदलून देणारे सराफ चौकात आपले मेज मांडून बसत. व्यापाऱ्याचा त्यांच्याशी संबंध येई तो त्या मेजापाशी. हळूहळू मेजाचे नाव धंद्याला लागले. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याने १३९७ मध्ये आपली पेढी थाटली. जिनोआत १४०७ मध्ये सेंट जॉर्जची बँक सुरू झाली. फ्रेंच आणि इटालियन वाटांनी हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोहोचला आणि तेथे काठाच्या अर्थाने आधीच स्थिरावलेल्या आपल्या भावाला भेटला. दोघांचे रूप एकच झाले. लंडनमध्ये १६९४ साली ‘बँक ऑफ इंग्लंड’ स्थापन झाली तेव्हा हा शब्द पूर्णपणे इंग्रजी होऊन गेला होता. इटलीच्या लोंबार्डी प्रांतातून आलेल्या सावकारांची आठवण मात्र तेथील लोंबार्ड स्ट्रीट या रस्त्याच्या नावात टिकून आहे.

जर्मन भाषेत आजही बागेतील बाक आणि पैशांची बँक या दोहोंना एकच शब्द आहे. फक्त अनेकवचन निराळे होते. ग्रीक भाषेने तर ‘बँक’ हा शब्द स्वीकारलाच नाही. तेथे बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात आणि त्याचा अर्थ मेज असाच आहे. ‘बँक्वेट’, म्हणजे मेजवानी, हा शब्दही मुळात छोट्या बाकावरून आला. बाजारात बाकावर चढून भोळ्या लोकांना रामबाण औषधे विकणाऱ्या भोंदूला इंग्रजीत ‘माउंटबँक’ म्हणू लागले. बाक तेच, त्यावर बसणारा सचोटीचा सराफ की चढणारा भोंदू, हे ओळखण्याची जबाबदारी तेव्हाही ग्राहकावर होतीच.

मराठी घरातील बाक

आता तिसऱ्या भावाकडे वळू. शाळेत मुले ज्यावर बसतात, रेल्वे फलाटावर प्रवासी ज्यावर टेकतात, त्याला मराठीत बाक म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘बांको’वरून आला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यानंतर पाव, बटाटा, चावी, पगार यांच्याप्रमाणे त्यांचा बांकोही कोकणी-मराठीत मुरला. गुजरातीतील ‘बांकडो’ हा त्याच घरातला. म्हणजे बाक आणि बँक हे एकच शब्द होत. एक पोर्तुगीज गलबतातून पश्चिम किनाऱ्यावर उतरला, दुसरा इंग्रजांच्या वखारीमागून आला. शाखेत आलेला ज्येष्ठ नागरिक आपला क्रमांक येईपर्यंत बाकावर बसतो, तेव्हा तो बँकेत बँकेवरच बसलेला असतो!

शब्द परका असला, तरी त्यामागील कल्पना या देशाला परकी नव्हती. येथील सावकारही बैठकीवरूनच ओळखला जाई. पेढीवर पांढरी गादी, मागे तक्क्या, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी आणि कीर्दखतावणीच्या वह्या. ‘गादी चालवणे’ म्हणजे व्यवसाय पुढे नेणे, हा वाक्प्रचार त्यातूनच आला. इटलीत मेज होते, येथे गादी होती. बसण्याची जागा ठरलेली असणे, ग्राहक आला की माणूस त्याच जागी सापडणे, हे दोन्हीकडे पतीचे पहिले लक्षण होते. न्यायाधीशांच्या ‘बेंच’ला मराठीने ‘खंडपीठ’ म्हटले, त्यातही पीठ म्हणजे आसनच.

या पतीच्या बळावर हुंडीचा व्यवहार चाले. पुण्यात रक्कम भरून सावकाराकडून हुंडी घ्यायची आणि दूरच्या शहरात त्याच्या आडत्याकडे ती दाखवून रोकड मोजून घ्यायची. शेकडो कोसांच्या वाटेवर चोर-पेंढाऱ्यांच्या भीतीने कमरेला मोहरा बांधून नेण्यापेक्षा एक कागद सोबत असणे बरे. मराठी मुलखातून काशीस येणारा ओघ मोठा होता. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. दानधर्म, अनुष्ठाने, बांधकामे यांसाठी दक्षिणेतून उत्तरेस पैसा सतत वाहत असे आणि त्याला काठ होता तो हुंडीचा.

बँक शब्द मराठीत आल्यावर त्याने येथले रीतिरिवाजही स्वीकारले. मराठीत ती स्त्रीलिंगी झाली : बँक उघडली, बँका वाढल्या, बँकेत खाते काढले. काशीच्या हिंदी भाषेत मात्र हाच शब्द पुल्लिंगी आहे. अहिल्याबाई घाटावर उतरलेला मराठी यात्रेकरू ‘बँक उघडी आहे का?’ असे विचारतो आणि स्थानिक दुकानदार ‘बैंक खुला है’ असे उत्तर देतो. दोघांचा व्यवहार मात्र अडत नाही.

मोडलेले बाक

बाक आहे तोवर व्यवहार; बाक मोडले की संपला. इटालियन भाषेत ‘बांका रोत्ता’ म्हणजे मोडलेले बाक. त्यावरून सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘बँकरप्ट’ हा शब्द तयार झाला. मराठीत त्याला दिवाळखोर म्हणतात. या दिवाळ्याचा संबंध दिव्याशी जोडला जातो. देणी फेडता न आलेला व्यापारी दुकानात दिवा पेटवून ठेवी आणि देणेकऱ्यांचा हिशेब लागेपर्यंत स्वतः दूर राही, अशी चाल ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात नोंदलेली आहे. एकीकडे मोडलेले बाक, दुसरीकडे रिकाम्या दुकानातील दिवा. दोन्ही खुणा एकच सांगतात : आता येथे कोणी बसलेले नाही.

बाक मोडण्याचे दुःख केवळ त्यावर बसणाऱ्याचे नसते. आपली पुंजी विश्वासाने त्याच्या हाती देणाऱ्याचे ते अधिक असते. १९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक बंद पडली आणि हजारो ठेवीदार हवालदिल झाले. त्या धड्यातून १ जानेवारी १९६२ रोजी देशात ठेव विमा महामंडळ अस्तित्वात आले. आरंभी प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते. १९९३ मध्ये ते १ लाख रुपये झाले आणि फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. या विम्याचा हप्ता ठेवीदाराला द्यावा लागत नाही; तो बँक भरते. बाक मोडलेच, तरी बसणारा एकदम जमिनीवर आदळू नये, एवढी तजवीज काळाने शिकवली.

शब्दाचा विस्तार

विसाव्या शतकात हा शब्द पैशांची सीमा ओलांडून गेला. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात १९३७ मध्ये डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवण्याची सोय उभारली आणि तिला ‘ब्लड बँक’ असे नाव दिले. ठेवायचे, जपायचे आणि गरजूला द्यायचे, हे बँकेचेच तत्त्व. मराठीने याचे भाषांतर करताना जुनी पेढी आठवली आणि ‘रक्तपेढी’, ‘नेत्रपेढी’ असे घरचे शब्द घडविले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत जमा झालेल्या दुधाने आईचे दूध न मिळालेल्या अशक्त अर्भकांना आधार मिळतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी स्त्रीला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या बँकेतून शेतकऱ्याने बियाणे न्यायचे आणि पीक आल्यावर परत भरायचे. चलन बदलले, व्यवहार तोच राहिला. याच जिल्ह्यातील चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला आणि त्यांच्याच स्मरणार्थ २०२४ मध्ये जिल्ह्याला आजचे नाव मिळाले.

शब्दाचा एक वळसा राजकारणातही गेला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये कर्नाटकातील एका खेड्याविषयी लिहिताना ‘व्होट बँक’ हा शब्दप्रयोग केला आणि तो वर्तमानपत्रांच्या भाषेत कायमचा येऊन बसला. इंग्रजीत एखाद्यावर पूर्ण भिस्त ठेवणे यालाही ‘बँक’ हेच क्रियापद वापरतात. या अर्थापाशी येऊन काठ आणि बाक पुन्हा एकत्र होतात. ज्यावर भार टाकावा आणि जे ढळू नये, ती बँक.

काठावरचा हिशेब

अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार केला. १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभे केले. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचे जाळे त्यांनी भारतभर विणले. या दानधर्मामागे एक हिशेबी शिस्त होती. १७३४ मध्ये पेशवे बाजीराव यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र उत्पन्न लावून दिले होते. ‘खासगी’ या नावाने ओळखले जाणारे हे उत्पन्न पुढे अहिल्याबाईंकडे आले. राज्याचा महसूल वेगळा, खासगी वेगळी आणि धर्मकार्याचा खर्च प्रामुख्याने खासगीतून, ही रीत त्यांनी कसोशीने पाळली. प्रजेचा पैसा प्रजेसाठी आणि आपले पुण्य आपल्या पैशातून. दोन खाती एकत्र होऊ न देण्याची ही दक्षता आजच्या कोणत्याही बँक कर्मचाऱ्याला आपलीशी वाटेल.

त्या हिशेबातून उभा राहिलेला घाट आज दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. गंगेच्या पुराची धोक्याची पातळी येथे ७१.२६ मीटर धरली जाते. १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात खालच्या पायऱ्या बुडतात, होड्या वर ओढल्या जातात, गंगेची आरती वर सरकते. पाणी ओसरले की पायऱ्यांवर गाळाचे थर उरतात आणि मग पंपाने पाणी मारून, फावड्याने खरवडून पायरी पायरी पुन्हा उघडी करावी लागते. घाट एकदा बांधला म्हणून काम संपले, असे होत नाही. तो दरवर्षी गाळातून काढावा लागतो.

विश्वासाचेही तसेच आहे. मुलीच्या शिक्षणासाठी थोडे थोडे साठवणारी गृहिणी, निवृत्तिवेतनाची नोंद पाहण्यासाठी पासबुक पुढे करणारे आजोबा, पिकाचे पैसे प्रथमच खात्यात जमा करणारा शेतकरी हे सर्व एका काठाच्या भरवशावर आलेले असतात. त्यांच्यासाठी खिडकीपलीकडे कोणी तरी आपल्या जागी असणे, हिशेब चोख असणे आणि शंकेला उत्तर मिळणे, यालाच बँक म्हणतात. त्या शाळकरी मुलाने नदीच्या बँकेत कोणाचे खाते असते, असे पुन्हा विचारले, तर त्याला अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसवून सांगता येईल : बाळा, जो विश्वासाने येऊन टेकतो, त्याचे.